सेमिनारला नुसतं बसून काय मिळतं?

वस्तीची_गाडी: आमच्या गणित विभागात दर शनिवारी तीनला संशोधन सेमिनार. एम.एस्सी.वाल्यांनाही हजेरी सक्तीची. परवा पाहुणे ली अल्जिब्राच्या रिप्रेझेंटेशन्सवर बोलले. व्हेक्टर स्पेस चालू होत्या ती पहिली दहा मिनिटं मी होते. पुढे फळ्यावर भरती आली, मी काठावर. 'काही शंका?' म्हटल्यावर सगळे चिडीचूप, मग चहा. सक्ती कशाला? तेवढ्यात चार गणितं सोडवली असती आणि राजापूरची एसटीही चुकली नसती.

खडूधारी: मी शिकवतो, तेव्हा बाजू घेतोय म्हणा हवं तर. सगळं कळेल म्हणून सेमिनारला आम्हीसुद्धा जात नाही. शब्द कानावरून गेलेले असले की सहा महिन्यांनी पुस्तकात भेटल्यावर परके वाटत नाहीत. लहानपणी दशावताराचं आख्यान कुठे कळायचं? तरी पहाटेपर्यंत बसायचोच ना.

वस्तीची_गाडी: दशावतारात निदान संकासुर तरी येतो, सर.

कातळावरचा: मॉस्कोत गणितज्ञ इस्रायल गेलफांड यांनी 1943 मध्ये सेमिनार सुरू केला, दर सोमवारी संध्याकाळी. वक्त्याला मध्येच अडवायचे, आणि समोरच्या एखाद्या विद्यार्थ्याला 'तपासणीचा श्रोता' नेमायचे. त्याला कळलं नाही तर वक्त्याने परत समजावायचं. आपल्याकडे करून बघा. निम्मे पाहुणे पुन्हा फिरकणार नाहीत, आणि माझ्या मते बरंच होईल.

खडूधारी: गेलफांड वक्त्यांचा पाणउताराही करायचे, तेही सांगा. आपल्याकडे माणूस मुंबईहून रात्रीच्या गाडीने उभ्याने येतो. त्याला फळ्यासमोर आडवा घ्यायचा?

बरका_फणस: मुंबईचा वक्ता हवाच कशाला? डहाणूत जन्मलेले कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. तरी 6174 ही संख्या गणितात त्यांच्या नावावर आहे. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 वर येता. (मी बसच्या तिकिटांच्या नंबरांवर करतो.)

खडूधारी: आणि त्याच कापरेकरांना आपल्याकडच्या गणितज्ञांनी बरीच वर्षं मोजलं नाही. 1975 साली गणितावर लोकांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा बोलबाला झाला. त्यांचं ऐकून घेणारा एक सेमिनार असता तर?

वस्तीची_गाडी: बरं, हजेरी लावते. पण तपासणीचा श्रोता मी. येत्या शनिवारी विषय फंडामेंटल ग्रुप आहे आणि वक्ते तुम्हीच आहात ना सर? संकासुरावर हसला असाल तर तुम्हीच.

खडूधारी: साडेचारला संपवतो. एसटी मिळेल.