जळगावात पहिलं घर : फ्लॅट घ्यावा की रो-हाऊस?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगाव महापालिका हद्दीत पहिलं घर घ्यायचं आहे, दोन पर्याय उरलेत. एक फ्लॅट : चार मजली इमारतीत तिसरा मजला, दोन बेडरूम, ३२ लाख, भोगवटा प्रमाणपत्र आलेलं, सोसायटी अजून नोंदलेली नाही. दुसरं रो-हाऊस : पिंप्राळ्याच्या बाजूला सहा घरांच्या ओळीत पश्चिमेकडचं शेवटचं, ३८ लाख, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) ७२ चौरस मीटर, काम जोत्यापर्यंत आलंय. घरात चौघं, त्यात आईवडील. वडिलांचं म्हणणं, पायाखालची जमीन आपली हवी. नेमकं काय तपासून ठरवावं?

हिशेबाची वही
भाऊ, किमतीत फरक सहा लाखांचा आहे, पण पदरचे लागणारे पैसे जवळजवळ दुप्पट होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. कर्ज त्यावर गेलं की ७५ लाखांपर्यंत मर्यादा ८० टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ते पूर्ण आपल्या खिशातून.

फ्लॅटला जास्तीत जास्त २८.८० लाख कर्ज बसतं. पदरचे ३.२० लाख, ६ टक्के मुद्रांक शुल्काचे १.९२ लाख, नोंदणी ३० हजार, म्हणजे ५.४२ लाख. भोगवटा मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

रो-हाऊसला ८० टक्क्यांनी ३०.४० लाख. पदरचे ७.६० लाख, मुद्रांक २.२८ लाख, नोंदणी ३० हजार, वर बांधकाम चालू असल्याने जीएसटी. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत आहे, म्हणून १ टक्का, ३८ हजार. बेरीज १०.५६ लाख. यात जाळ्या, कंपाउंड, मोटर, टाक्या नाहीत. ते किमतीत आहे की वेगळं, हे करारनाम्यात लिहून घ्या. जीएसटी ५ टक्क्यांनी लावत असतील तर कारण लेखी मागा, तो १.९० लाख होतो.

८.५ टक्के व्याज, २० वर्षं धरली तर लाखामागे हप्ता ८६८ रुपये. फ्लॅटचा साधारण २५,०००, रो-हाऊसचा २६,४००. म्हणजे हप्ता फारसा बदलत नाही, अडचण सुरुवातीच्या रोख रकमेची आहे. खरेदी फक्त घरातल्या बाईच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. आणि शुल्क करारातली किंमत व सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, तेव्हा त्या भागाचा दर आधी पाहून घ्या.

मुरूम
तुमचं रो-हाऊस जोत्यावर आहे ही चांगली गोष्ट. पुढे गिलावा झाला की पाहण्यासारखं काही उरणार नाही, म्हणून आत्ताच जा.

आपल्याकडच्या तापी-गिरणेच्या पट्ट्यात काळी माती खोल असते. पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये आटते आणि हातभर खोल भेगा पडतात. चार मजली इमारतीचा पाया बहुधा खाली मुरुमावर टेकवलेला असतो. रो-हाऊस हलकं असतं, म्हणून तिथे पायावर काटकसर होते, आणि हलक्या बांधकामालाच ही माती जास्त उचलते. काँट्रॅक्टरला एकच विचारा : खोदाई मुरुमापर्यंत गेली का? मुरूम फार खाली असेल तर तळाशी फुगीर असलेले जमिनीतले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल हवेत, निदान साडेतीन मीटर खोल, आणि त्यांना बांधणाऱ्या बीमखाली ७५-८० मिमी मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा नकाशा आणि खोदाईचे फोटो मागा. दोन्ही नसतील तर मी त्या घरात पैसे घालणार नाही, किंमत कितीही खाली आली तरी.

दुसरं, शेजारच्या घराशी असलेली भिंत. दोन स्वतंत्र भिंती आणि मध्ये सांधा असेल तर उत्तम. एकच नऊ इंची भिंत दोघांत असेल तर पुढे तुम्हाला एकट्याला मजला चढवणं किंवा घर पाडून बांधणं अवघड, आणि शेजाऱ्याच्या न्हाणीघराची ओल तुमच्या भिंतीत.

ताबा घेताना घराभोवती एक मीटर रुंद, बाहेर उतार दिलेली फरशी आहे का पाहा. ती नसली की पागोळ्याचं पाणी पायाशी मुरतं आणि दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. गिलाव्यावरच्या बारीक जाळीदार भेगांना घाबरू नका, तिरक्या आणि रुंद होत जाणाऱ्या भेगांना घाबरा.

गिरणाकाठ
मुरूमभाऊ, उद्याच जातो. सहाच घरं असल्याने महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) लागू नाही असं विकणारे म्हणतात, हे खरं का?

फेरफार
खरं असू शकतं. सगळे टप्पे मिळून आठपर्यंत घरं, किंवा जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण शेजारीच त्याच गटात आणखी सहा घरांचा "दुसरा टप्पा" असेल तर ते एकत्र धरतात. मंजूर नकाशा पाहिला की कळेल. नोंदणी नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर जे आयतं दिसलं असतं, ते सगळं तुम्हाला वकिलाकडून काढून घ्यावं लागेल : एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट, मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल, जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ विकायला सरकारी परवानगी लागते).

वडिलांच्या मुद्द्याबद्दल. रो-हाऊस म्हणजे जमीन आपली, हे गृहीत धरू नका. प्लॉटची रीतसर पोटविभागणी होऊन तुमच्या घराला स्वतंत्र नंबर असेल, खरेदीखतात त्याच्या चतुःसीमा असतील आणि नंतर फेरफार होऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिका तुमच्या नावावर होणार असेल, तरच जमीन तुमची. पुष्कळदा सहा घरांखालचा प्लॉट एकच राहतो आणि तुम्हाला मिळतो अविभक्त हिस्सा. मग मालकीच्या दृष्टीने तो आडवा पसरलेला फ्लॅटच.

फ्लॅटच्या बाबतीत उणीव म्हणजे सोसायटी. ती नोंदून जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, होईपर्यंत जमीन कागदावर मूळ मालकाचीच. बिल्डर टाळत असेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (बिल्डरच्या सहीशिवायच्या) अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते, पण त्यासाठी आधी सोसायटी हवी. किती फ्लॅट विकले गेलेत आणि नोंदणीची कागदपत्रं कुठवर आलीत, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारा. मासिक वर्गणीत दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) घेतात का तेही विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. फक्त झाडलोट-लिफ्टपुरते पैसे गोळा करणाऱ्या इमारतीत पंधरा वर्षांनी रंग आणि गळती एकदमच अंगावर येते.

माझं मत : स्वतंत्र नंबर आणि मुरुमावरचा पाया, दोन्ही कागदावर दिसले तर रो-हाऊस. एकही कमी पडलं तर फ्लॅट, सोसायटीचा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे.

मे महिना
एक भर. पश्चिमेकडचं शेवटचं घर म्हणजे दुपारी दोनपासून भिंत तापते, वर स्लॅबही उघडाच. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा वरच्या बेडरूममध्ये रात्री झोप येत नाही. काम जोत्यावर आहे तोवर ओळीतलं मधलं घर मागा, किंवा पश्चिमेच्या भिंतीला खिडकीऐवजी जिना आणि न्हाणीघर घ्या. आईवडिलांसाठी तळमजल्यावर एक खोली आणि संडास-बाथरूम नकाशात आहे ना? नसेल तर आत्ताच बदला. फ्लॅटच्या बाबतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टला इन्व्हर्टर किंवा जनरेटर जोडलाय का पाहा.

पाणी : चौघांना माणशी १३५ लिटरने ५४० लिटर रोज, उन्हाळ्यात कूलरचे वेगळे. नळ तीन दिवसांनी आला तरी पुरायला जमिनीखाली ३,००० लिटरची टाकी हवी. जोतं भरायच्या आधी तिची जागा ठरवा, पाया आणि सेप्टिक टँकपासून लांब. स्लॅबवर सोलर बसवायचं असेल तर ३ किलोवॉटला सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी वरची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवायला सांगा, म्हणजे तिची सावली पॅनलवर पडणार नाही.