मदत हवी आहे: आठव्या हेन्रीची डरहॅमची पेनी, वूल्झीची की टन्स्टलची?

नमस्कार मंडळी, इकडे इंग्लंडात डरहॅम काउंटीत शेतकऱ्याची परवानगी काढून मेटल डिटेक्टर फिरवतो, तिथे चांदीची एक पेनी मिळाली, हातोड्याने ठोकून पाडलेली, नखाएवढी. पुढे राजा सिंहासनावर बसलाय, कडेच्या अक्षरांत सुरुवातीचा 'एच' आणि 'रोसा' (लॅटिनमध्ये गुलाब) वाचता येतं, म्हणजे आठव्या हेन्रीची 1526 नंतरची हे धरून चालतो. मागे लांब क्रूसावर ढाल, आणि 'डर' एवढं दिसतं, म्हणजे टांकसाळ डरहॅमची, बिशपची.

खरा घोळ ढालीच्या बाजूच्या अक्षरांचा आहे. डावं अक्षर झिजून गेलंय, उजवं डब्ल्यू वाटतं पण डीसुद्धा असू शकेल. टी डब्ल्यू असेल तर थॉमस वूल्झी, तेव्हाचा कार्डिनल (पोपच्या खालचा बडा धर्मगुरू) आणि 1529 पर्यंत डरहॅमचा बिशप, म्हणजे 1529 च्या आतली, आणि सी डी (डी म्हणजे डरहॅम) असेल तर कथबर्ट टन्स्टल, तो 1530 ला बिशप झाला. ढालीखाली एक उंचवटा आहे तो कार्डिनलची टोपी की नुसता मळ ते कळत नाहीये. याच टोपीसाठी जीव अडकलाय माझा, कारण यॉर्कच्या ग्रोटवर (चार पेनीचं नाणं) स्वतःची टोपी उमटवली हा वूल्झीवर ठेवलेल्या आरोपांपैकी एक होता, तो माणूसच जबरदस्त!

वजन 0.58 ग्रॅम भरतं, मूळ साधारण 0.69 असायचं, पण कडा कातरलेली आहे त्यामुळे वजनावरून काही ठरत नाही. आई म्हणते चिंचेने घास, चांदी लख्ख होईल. घासू का?

प्रतिसाद: अजिबात घासू नका!! चिंच नको, टूथपेस्ट नको, आहे ती झीज वाढेल आणि अक्षर कायमचं जाईल. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा, नाणं थोडं थोडं फिरवत प्रत्येक वेळी फोटो काढा, टोपी असेल तर तिची सावली आकार धरून पडेल, मळाची तशी पडत नाही. आणि तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) दाखवा. एकटं नाणं तिथल्या कायद्यात सहसा खजिना धरत नाहीत, पण शेतातली जागा नीट लिहून ठेवा, त्याच शेतात दुसरं सापडलं तर प्रश्न बदलतो.

धागाकर्ता: धन्यवाद, आज रात्रीच टॉर्चने फोटो काढतो. तोवर कुणाकडे टन्स्टलच्या पेनीचा स्पष्ट फोटो असेल तर टाका ना, त्यात ढालीखाली काय असतं ते शेजारी ठेवून बघायचंय.