झाडीपट्टीचे नाटक सासूबाईंना गावातच दाखवावे की नागपूरच्या सभागृहात? सल्ला हवा आहे

संत्राबाग

नमस्कार. आम्ही वरुड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरी संत्र्याची बाग असल्यामुळे आंबिया बहाराची तोड आटोपेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आम्हांला घर सोडता येत नाही. त्यानंतर मृग बहार हाती येईपर्यंत थोडी उसंत मिळते, आणि ह्या वर्षी त्या उसंतीत सासूबाईंना झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातील धानपट्ट्याचे, नाटक दाखवायचे असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले आहे.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातले, पण लग्न होऊन वऱ्हाडात आल्यापासून पन्नासहून अधिक वर्षांत त्यांनी तिकडचे एकही नाटक पाहिलेले नाही. रेंगीत, म्हणजे लहान बैलगाडीत, तणस (धानाचा पेंढा) पसरून, त्यावर घोंगडे टाकून आपण भावंडे नाटकाला कशी जात असू, हे त्या माझ्या मुलीला अनेकदा सांगतात. मुलगी ११ वर्षांची आहे, आणि आता तिलाही ते बघायचे आहे.

अडचण अशी की सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना थंडी सोसवत नाही. नागपूरला सभागृहातही झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रयोग कधीमधी होतात असे ऐकले आहे. तेव्हा त्यांना गावातल्या मंडपात रात्रभर बसवावे की सभागृहातला प्रयोग पाहून समाधान मानावे? गावाला जायचे झाल्यास नाटक कुठे आणि कधी आहे हे कसे कळते? आमच्या ओळखीचे तिकडे आता फारसे कोणी उरलेले नाही, फक्त सासूबाईंच्या एका चुलतभावाचे घर आहे. वाटेत मुलीला दाखवण्यासारखे आणखी काही असल्यास तेही कृपया सांगावे.

वैनगंगाकाठ

ताई, आपण विचारले ते बरे झाले, कारण ह्या नाटकांचे वेळापत्रक छापील स्वरूपात कुठेही एकत्र मिळत नाही आणि बाहेरून येणारी माणसे तिथेच अडतात.

आमच्याकडे नाटकाचा हंगाम धानावर चालतो. हलके धान दिवाळीच्या सुमारास निघते, भारी धान त्यानंतर. बांध्या, म्हणजे धानाची शेते, रिकाम्या झाल्या आणि हाती चार पैसे आले की गावोगावची मंडळे नाटक ठरवतात, आणि हे होळीपर्यंत चालते. मंडप पुष्कळदा अशाच एखाद्या रिकाम्या बांधीत पडतो. आपल्याला सवड मिळते तो जानेवारी हा ऐन हंगामाचा महिना असल्यामुळे काळाची चिंता करू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात त्या दिवसांत एकाच रात्री अनेक गावांत प्रयोग असतात.

ह्या सगळ्याचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. नाट्यमंडळांची कार्यालये तिथे आहेत, आणि हंगामात कलावंत तिथेच मुक्कामाला असतात. संध्याकाळी गाडी निघते, रात्री एका गावात नाटक होते, पहाटे गाडी परत येते आणि दुसऱ्या रात्री दुसरे गाव असते. हंगामभर एकेका नटाला कितीतरी भूमिका सांभाळाव्या लागतात, आणि म्हणूनच आमच्या रंगभूमीवर प्रॉम्प्टरला मोठा मान आहे. विंगेत पुस्तक घेऊन बसणारा तो माणूस रात्रभर पूर्ण नाटक वाचतो, आणि चांगला नट ते शब्द कानावर घेत घेत असे बोलतो की समोरच्याला त्याचा पत्ता लागत नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती अधिक बारकाईने बघेल. ह्याच मातीतले कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सगळ्यांनाच आपल्या घरात काही आल्यासारखे वाटले होते.

आता मुख्य प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : सासूबाईंना गावातच न्या. जे पाहिले ते पुन्हा पाहावे ही त्यांची इच्छा आहे, आणि ते सभागृहात नाही. आमचे नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्यात गाणी आहेत, विनोदी पात्रांचे प्रवेश आहेत, मध्ये लावणी आहे, आणि मंचाजवळ बसलेले वाद्यवाले आहेत. सभागृहात हेच नाटक अडीच-तीन तासांत बसवावे लागते, आणि मग सर्वांत आधी गाणी गळतात. माझे वडील सांगत की पूर्वी जंगलातून रात्री बैलगाडी परत नेणे शक्य नव्हते, म्हणून नाटक उजाडेपर्यंत चालत असे. आज गाड्या आल्या, पण लांबी तशीच राहिली, आणि ती तशीच राहिली म्हणून त्यात गाण्याला जागा आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही ह्या पट्ट्यात वाघांचा वावर मोठा आहे आणि माणसांवर हल्ले होत असतात. तेव्हा नाटक अर्ध्यावर सोडून रात्री दोन-तीन वाजता जंगलातल्या रस्त्याने, विशेषतः दुचाकीवर, निघू नये. उजाडेपर्यंत त्याच गावात राहण्याची सोय आधी करावी आणि मगच जावे.

नागपूरवासी

माझे मूळ गाव आरमोरी तालुक्यात आहे आणि गेली अनेक वर्षे मी नागपूरला राहतो. वरच्या भाऊंचे प्रेम मला समजते, पण ७६ वर्षांच्या बाईंच्या दृष्टीने विचार करायला हवा. जानेवारीत आमच्याकडे पहाटे दव पडते आणि मंडपाच्या कनाती थंडी अडवत नाहीत. स्वच्छतागृहाची सोय बहुतेक मंडपांजवळ नसते, आणि वयस्कर बाईंना ह्याचा त्रास सर्वांत जास्त होतो. त्या पाणी पिणे सोडतात आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडतात. माझ्या आईच्या बाबतीत हेच झाले होते.

सभागृहात खुर्ची असते, दिवे असतात, आणि तीन तासांत माणूस घरी येतो. जे कमी होते ते होते, हे मान्य आहे. पण त्यांच्या प्रकृतीला काही झाले, तर सगळ्यांनाच पश्चात्ताप होईल. नागपूरला राहिलात तर मुलीसाठी सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात काही चालू आहे का, ते जरूर पाहा. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ह्या केंद्रात हिवाळ्यात हस्तकला आणि लोकनृत्याचे कार्यक्रम असतात, आणि वेगवेगळ्या राज्यांतील कारागीर समोर बसून काम करताना बघायला मिळतात.

लाखनीची लेक

संत्राबागताई, मी मागच्या हिवाळ्यात माझ्या वडिलांना असेच नेले होते, म्हणून माझा अनुभव लिहिते. त्यात एक चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये.

रस्त्याकडेच्या एका पानठेल्यावर आम्हांला जाहिरात दिसली. शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, रात्रीचा कार्यक्रम आहे एवढेच मी वाचले आणि वडिलांना घेऊन गेले. प्रत्यक्षात तिथे नाटक नव्हतेच, ध्वनिमुद्रित गाण्यांवरचा नाच होता. अलीकडे काही गावांत नाटकाऐवजी असे कार्यक्रम ठेवतात, कारण त्याला गर्दी लवकर जमते. ह्याने नाटकवाल्यांच्या पोटावर पाय येतो, ह्याचे मला फार वाईट वाटते. वडील काही बोलले नाहीत, पण दहा मिनिटांत उठले. तेव्हा जाहिरात पूर्ण वाचावी. त्यावर नाटकाचे नाव, ‘तीन अंकी सामाजिक नाटक’ अशा स्वरूपाचा उल्लेख, सादर करणारे नाट्यमंडळ आणि कलावंतांची नावे असायला हवीत. तरीही त्या गावच्या आयोजकांना दूरध्वनी करून खात्री करावी. आठ दिवसांनी आम्ही दुसऱ्या गावी गेलो, तेव्हा वडील पहाटे साडेचारपर्यंत जागे होते.

नागपूरवासी दादांचा स्वच्छतागृहाचा मुद्दा खरा आहे, परंतु त्यावर उपाय आहे. चुलतमामांच्या गावी किंवा त्यांच्या अगदी शेजारच्या गावी असलेलेच नाटक निवडा. पटाच्या आणि नाटकाच्या दिवशी आमच्याकडे घरोघरी पाव्हणे असतात, लेकी-जावई येतात, कितीतरी सोयरिकी त्याच दिवसांत जुळतात. तुम्ही गेलात तर मामांच्या घरी कोणाला जड होणार नाही. सासूबाईंना मधल्या वेळी घरी नेऊन आणता येईल.

आणखी एक सांगते. नाटकाच्या आधी उद्घाटन असते, पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे असतात, आणि त्यात तास सहज जातो. तेवढा वेळ त्यांना घरीच अंथरुणात निजू द्या, आणि वाद्ये जुळवल्याचा आवाज आला की न्या. तिकीट खुर्चीचे घ्या, जमिनीवरच्या बैठकीचे नको.

मुलीला मात्र आमच्या मंडया दाखवायला हव्या होत्या. भाऊबीज झाली की भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत एकेका गावची मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते. प्रत्येक गाव आपला वेगळा दिवस धरते, म्हणून सासरची माणसे माहेरच्या मंडईला आणि माहेरची सासरच्या मंडईला जाऊ शकतात. दिवसा दंडार असते, डफ-तुणतुण्यावरची खडी गंमत असते, ह्या दोन्ही आमच्याकडच्या लोककला, आणि हे सारे उन्हात, मोकळ्या जागेत, लहान मुलांना अगदी जवळून बघता येते. माझ्या आजोबांच्या पिढीतील लोक म्हणत की आमचे नाटक दंडारीतूनच वाढले, आणि दोन्ही पाहिल्यावर ते पटते. पण तो काळ तुमच्या तोडीचा आहे. ह्या वर्षी जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी दोन दिवस तरी काढा.

संत्राबाग

सर्वांचे मनापासून आभार. नागपूरवासी दादांचा प्रतिसाद वाचून आम्ही दोघेही थोडे घाबरलो होतो, पण लाखनीच्या ताईंनी सांगितलेला मार्ग आम्हांला पटला. मी रात्री सासूबाईंना हे सर्व वाचून दाखवले. सभागृहाचे नाव काढताच त्या म्हणाल्या की तिथे बसून बघायचे तर घरी टीव्ही आहेच. प्रॉम्प्टरचा मजकूर मात्र त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या वडिलांनी एका हंगामात गावच्या नाटकासाठी विंगेत बसून पुस्तक वाचले होते, हे आमच्यापैकी कोणालाही आजपर्यंत ठाऊक नव्हते. माझे यजमान पन्नाशीचे आहेत आणि आपल्या आजोबांबद्दल ही गोष्ट त्यांनी काल पहिल्यांदा ऐकली.

चुलतमामांशी बोलणे झाले आहे. त्यांच्या गावचा पट संक्रांतीच्या पुढेमागे असतो, आणि नाटक कोणते आणायचे हे मंडळ दिवाळीनंतर ठरवणार आहे. आता एवढेच विचारायचे आहे की वरुडहून सासूबाईंना कसे न्यावे म्हणजे प्रवासाचा शीण कमी होईल, आणि खुर्चीचे तिकीट आधी काढून ठेवता येते का.

वैनगंगाकाठ

ताई, एका दिवसात वरुडहून थेट नाटकाला पोहोचण्याचा प्रयत्न करू नका. पहिल्या दिवशी नागपूरला मुक्काम करा, म्हणजे मुलीला ते हस्तकलेचे केंद्रही दाखवता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीडमार्गे ब्रह्मपुरीला या. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वेलाईन रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे सासूबाईंच्या आठवणीतील त्या गाडीचा विचार सोडावा लागेल. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि तुम्हांला व मुलीला अर्धे तिकीट लागेल. सासूबाईंचे आधारकार्ड तेवढे जवळ ठेवा. दुपारपर्यंत गावात पोहोचलात तर त्यांना संध्याकाळी चार तास झोप मिळेल, आणि ती झोपच रात्री उपयोगी पडेल.

सोबत दोन घोंगडी, कानटोपी, गुडघ्यांवर घ्यायला जाड शाल आणि पायांखाली टाकायला चटई असू द्या, कारण थंडी जमिनीतून वर येते. गरम पाण्याची बाटली भरून न्या. चहा, भजे आणि आलुबोंडे मंडपाबाहेर रात्रभर मिळतात.

खुर्चीचे तिकीट मामांमार्फत मंडळाकडे आधी सांगून ठेवता येते. वाद्यवाल्यांच्या अगदी समोरची जागा घेऊ नका, कारण ध्वनिक्षेपकाचा आवाज वयस्कर माणसांना सोसत नाही. चौथ्या-पाचव्या ओळीतील कडेची खुर्ची मागा, म्हणजे त्यांना उठता-बसता येईल. आणि ती ज्या बाजूच्या विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तिच्या समोरच्या कडेची असावी, असे मामांना मुद्दाम सांगा. पडदा हलला की तिथून पुस्तकावरचा दिवा दिसतो.

संत्राबाग

तसेच सांगते. मामांना आत्ताच दूरध्वनी लावला आहे, आणि बोलायला सासूबाई स्वतः बसल्या आहेत.