फोर्कलिफ्टने रॅकचा खांब वाकला, तापवून सरळ करू का?

गोदामपाळ: वळताना फोर्कलिफ्ट पॅलेट रॅकच्या मधल्या एका खांबाला धडकली. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर खांब आत दबलाय. वर माल तसाच आहे. वेल्डर म्हणतो, गॅसने तापवून ठोकतो आणि वरून पट्टी मारतो. मालकांनाही तेच स्वस्त वाटतंय. करू का?

रॅकतपासनीस: नका करू, कळकळीने सांगतो. हे खांब पत्रा थंड असतानाच दाबून घडवलेले असतात, आणि त्या घडणीतूनच त्यांना जादा ताकद मिळते. ज्योत लावली की ती जाते. खांब दिसायला सरळ होईल, भार पेलेलच असं नाही.

आधी मोजा. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावा, वाक मधोमध येऊ द्या आणि फट बघा. युरोपीय मानक ईएन १५६३५ प्रमाणे फ्रेमच्या (पुढचा-मागचा खांब तिरक्या पट्ट्यांनी जोडून झालेली जोडी) आत-बाहेर ३ मिमी, बीमच्या (माल पेलणारी आडवी दांडी) दिशेने ५ मिमीपर्यंत चालतं. त्याच्या दुपटीपर्यंत असेल तर उतरवलेला माल दुरुस्तीआधी परत चढवायचा नाही. दुपटीच्या वर गेलं तर लगेच रिकामं करायचं. पत्रा फाटला असेल किंवा घडी पडली असेल, तर मोजायचीही गरज नाही, रिकामं करा.

गोदामपाळ: फ्रेमच्या आतल्या बाजूला ९ मिमी भरले.

रॅकतपासनीस: मग आजच उतरवा, वरून खाली. त्या फ्रेमवर दोन्ही बाजूंचे बीम टेकलेत, म्हणून दोन्ही खण रिकामे हवेत. गल्ली अडवा, खाली कुणाला उभं राहू देऊ नका. खांब त्याच कंपनीचा, त्याच मापाचा बदलून घ्या. दुसऱ्या कंपनीचा भोकांत बसतोय म्हणून लावू नका. खांबाखालची बेस प्लेट, ती जमिनीला धरणारे अँकर बोल्ट, ब्रेसिंग (त्या तिरक्या पट्ट्या) आणि बीम निसटू न देणाऱ्या लॉकपिनाही बघा, धडक तिथेही पोचते.

लोडिंगवाला: फक्त खालचा तुकडा कापून नवा जोडतात ना?

रॅकतपासनीस: जोडतात, पण रॅक बनवणाऱ्याने किंवा इंजिनिअरने गणित करून दिलेल्या बोल्टच्या किटने. हाताला येईल ती पट्टी नाही.

गोदामपाळ: आणि पुढे पुन्हा असं होऊ नये म्हणून?

रॅकतपासनीस: खांबापुढे किमान ४०० मिमी उंचीचा गार्ड लावा. तो जमिनीला बोल्ट करा, खांबाला नाही, आणि मध्ये फट ठेवा, नाहीतर धक्का थेट खांबालाच जाईल. शिवाय ठोकर लागली की चालकाने त्याच क्षणी सांगायला हवं. त्याबद्दल त्याच्यावर ओरडलात, तर पुढची ठोकर तो लपवेल आणि वरचा माल तसाच लटकत राहील.