मदत हवी आहे: चर्चच्या पाळक शोधसमितीत नाव आलंय, मंडळीची खरी परिस्थिती उमेदवाराला किती सांगायची?

नगरची_पोर

सर्वांना नमस्कार. मी मूळची अहमदनगरची (आता अहिल्यानगर), बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. इथल्या एका लहान प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) चर्चची सभासद. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, निवृत्त झाले. नवा पाळक शोधायला मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, समिती निवडली, तीत मीही आहे. बाकी पियानो वाजवणाऱ्या एक आजी, एक निवृत्त मास्तर, एक शेतकरी आणि कॉलेजातला एक मुलगा. मला हिशेब कळतो म्हणून घेतलं असावं.

नगरला असलं काही पाहिलं नव्हतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळक बिशपसाहेब पाठवतात. बदलीचं पत्र आलं की पंचकमिटीने टेम्पो ठरवायचा, महिला मंडळाने निरोपाची शाल आणायची आणि नव्या पाळकसाहेबांना आणायला जायचं. पसंत नसले तर कुरकुर करायला सगळे मोकळे, पण निवड आपली नव्हे.

इथे आधी समितीने मंडळीची माहिती लिहायची. ती सेशनने, म्हणजे वडीलमंडळाने, मान्य करायची, मग प्रेस्बिटरीने, म्हणजे या भागातल्या सगळ्या मंडळ्यांवरच्या सभेने. मग ती संप्रदायाच्या ऑनलाइन यादीत जाते. पाळकांचीही अशीच माहिती तिथे असते. मग मुलाखती, आणि पसंत पडलेल्या उमेदवाराचा उपदेश तिसऱ्याच चर्चमध्ये जाऊन ऐकायचा. शेवटी एकच नाव मंडळीपुढे ठेवायचं आणि चिठ्ठ्या टाकून मतदान.

अडलंय ते पहिल्याच पायरीला. रविवारी जेमतेम चाळीस माणसं असतात. दरवर्षी ठेवीतून पैसे काढून खर्च भागतो. प्रेस्बिटरीने ठरवलेला किमान पगार, वर पेन्शन आणि आरोग्यविम्याचा हप्ता धरला तर पूर्णवेळ पाळक आम्हाला तीनेक वर्षं झेपेल. मास्तर म्हणतात, हे लिहायचं नाही, ‘वाढीला भरपूर वाव’ असं लिहायचं, नाहीतर कुणी अर्जच करणार नाही. मला ते पटत नाही, पण अनुभव त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

शिवाय निम्म्या मंडळीला सध्याच्या हंगामी पाळकबाईच कायम हव्या आहेत. उरलेल्यांना ‘तरुण, बायको-मुलं असलेला, बायको संडेस्कूल घेईल असा’ हवाय. आणि दर रविवारी कॉफीच्या वेळी कुणीतरी मला कोपऱ्यात घेतं: कोणाकोणाचे अर्ज आले, आम्हाला तरी सांग! कोणी अशा समितीत काम केलंय का?

खडीसाखर

मी ख्रिस्ती नाही, पण हे सरळसरळ कांदेपोहे आहेत हो ताई! मुलीकडच्यांनी कर्ज लपवायचं की नाही, एवढाच प्रश्न.

पाळकीणबाई_ओहायो

ताई, प्रभूच्या नावाने सलाम. मी पलीकडच्या बाजूची, माझे मिस्टर पाळक आहेत. एका मंडळीने (नाव नको) आम्हाला ‘वाढीला वाव’ असंच सांगितलं होतं. दोन्ही मुलांच्या शाळा बदलून आम्ही तिथे गेलो. दुसऱ्या वर्षी वार्षिक सभेत खजिनदार उठले: पैसे संपत आलेत, पाळकसाहेबांना अर्धवेळ करू या. ठेवी किती उरल्यात हे अख्ख्या वडीलमंडळाला आधीपासून ठाऊक होतं. त्या गावात आम्ही पुढे फार दिवस काढले नाहीत.

म्हणून सांगते, मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च आणि ठेवीचा आकडा पहिल्या मुलाखतीआधी हातात द्या. तो वाचून जो पळेल, त्याला पळू द्या. सगळेच पळत नाहीत. माझ्या मिस्टरांना आताच्या मंडळीने सगळं उघडं करून दाखवलं, म्हणूनच आम्ही इथे आलो.

आणि संडेस्कूलचं. मी नर्स आहे, रविवारी माझी ड्यूटी असते. एका पगारात दोन माणसं ही अपेक्षा तुमच्या मुलाखतीत कुणाच्या तोंडून निघाली तर समोरच्याला लगेच कळतं. ‘तरुण मुलगाच हवा’ म्हणणाऱ्यांना आठवण करून द्या की प्रेस्बिटेरियनांनी १९५६ साली मार्गारेट टाउनर या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली. लग्न झालंय का, मुलं किती, हे विचारूच नका.

मिरजवाला

थोडं विषयांतर. नगरला १८३१ साली आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं, म्हणजे तत्त्वतः पाळक मंडळीनेच निवडायचा! १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च झालं, १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, तेव्हा बिशप आले. त्यामुळे तुम्हाला नवं वाटतंय ते तुमच्या पणजोबांना कदाचित नवं वाटलं नसतं.

नगरची_पोर

@मिरजवाला, आजीला विचारायला हवं होतं. पण मास्तरांना मी हे सांगितलं तर ते पंधरा मिनिटं बोलतील :)

डोंगरवाट

मी न्यू जर्सीत अशा समितीत होतो. हंगामी पाळकबाईंबद्दल आधी. नियमाप्रमाणे हंगामी पाळक सहसा पुढचे कायम पाळक होऊ शकत नाहीत. अपवाद आहे, पण त्याला प्रेस्बिटरीत तीन चतुर्थांश मतं लागतात. हे मंडळीला सेशनने आत्ताच जाहीर सांगायला हवं. तुमची समिती बाईंना डावलते आहे असं एकदा पसरलं की पुढच्या माणसाचं पहिलं वर्ष त्यातच जातं.

गुप्ततेत सूट नाही. उमेदवार सध्या कुठेतरी पाळक असतो आणि तिथे त्याने काहीही सांगितलेलं नसतं. तिसऱ्या चर्चमध्ये उपदेश ऐकण्याचं कारण तेच. नाव फुटलं तर त्याची आहे ती जागा धोक्यात येते. कॉफीवाल्यांना समितीने ठरवलेलं एकच वाक्य सांगा, सगळ्यांनी तेच. नवऱ्यालाही नाव सांगू नका. मी बायकोला सांगितलं नव्हतं, ती आजही ऐकवते.

पण पैशांच्या बाबतीत पाळकीणबाईंच्या आधीची एक पायरी आहे. तीनच वर्षं झेपणार असेल तर पूर्णवेळ पाळक शोधावा का, हे आधी सेशनने ठरवू दे. अर्धवेळ पाळक चालतो. शेजारच्या मंडळीबरोबर मिळून एक पाळक ठेवणंही इथे सर्रास चालतं. प्रेस्बिटरीकडून तुमच्या समितीला जो माणूस नेमून दिलाय त्याला बोलवा आणि आकडे समोर ठेवा. ते ठरल्याशिवाय माहितीपत्रकाची एक ओळही लिहू नका.

नगरची_पोर

आम्ही हे उलट्या क्रमाने करत होतो असं दिसतंय. खजिनदारांशी बोलले, ते सेशनमध्ये विषय काढणार आहेत. शेजारच्या गावातल्या मंडळीलाही पाळक नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. मास्तर अजून फुगलेत.

एक राहिलं. उमेदवाराने दिलेल्या ओळखीच्या माणसांना फोन करायचं काम माझ्याकडे येणार आहे. ते तर चांगलंच बोलणार ना?

डोंगरवाट

बोलणारच. म्हणून ‘कसे आहेत’ विचारू नका. ‘मंडळीत शेवटचा मोठा वाद कशावरून झाला आणि त्यांनी काय केलं’ हे विचारा, आणि समोरचा थांबला तर तुम्हीही थांबा. यादीबाहेरच्या कुणाला फोन करायचा असेल तर आधी उमेदवाराची परवानगी घ्या. प्रेस्बिटरी आपल्या बाजूने वेगळी चौकशी आणि पार्श्वभूमी-तपासणी करते, ती होईपर्यंत कुणालाही तोंडी होकार देऊ नका.