तुटपुंज्या बजेटात बोन्सायची हत्यारं: कॉन्केव्ह कटर पहिला घ्यावा का? (माझं मत: नाही)

गोगलगाय

बोन्साय सुरू करणाऱ्याने हत्यारांबद्दल विचारलं की ठरलेली यादी समोर येते. कॉन्केव्ह कटर (फांदी बुडातून खोलगट कापणारी वाकड्या पात्यांची पक्कड), नॉब कटर, वायर कटर, जिन प्लायर, रूट हुक, दोन-तीन जातीच्या कात्र्या, आणि हे सगळं गुंडाळून ठेवायला झकासशी थैली. खिशात मोजके पैसे असतील तर यातलं बहुतेक सामान थैलीतच राहतं.

ज्याच्या झाडाला पेन्सिलीहून जाड अशी काढण्याजोगी फांदीच नाही, त्याने कटरच्या वाटेला जाऊ नये. सुरुवातीची वर्षं आपण कापतो काय? शेंडे, पानं, काडीएवढ्या फांद्या. त्याला हलकी, लांब टोकाची, चांगल्या धारेची एक कात्री पुरते. जखम इतकी लहान असते की काप खोलगट असो वा सपाट, झाड ती मिटवून टाकतं. म्हणून बजेटचा मोठा वाटा त्या एकाच कात्रीवर घाला.

मुळांना घरातली जुनी कात्री लावा, कारण मुळांतली वाळू नव्या धारेची वाट लावते. माती मोकळी करायला चॉपस्टिक किंवा बोथट काडी. एखादी जाड फांदी निघालीच, तर ओढताना कापणारी बारीक दातांची करवत आणि धारदार चाकू.

विरोधी मतांचं स्वागत आहे. फक्त 'जपानी ते जपानीच' एवढ्यावर थांबू नका, कारण द्या.

काटेकोर

साफ असहमत.

कॉन्केव्ह कटरने फांदी काढली की खोडात किंचित खोलगा राहतो. जखमेच्या कडेने नवी साल वळकटीसारखी आत सरकते आणि ती फुगीर असते. खोलगा असला की ती भरून खोडाच्या पातळीला येते. सपाट काप असेल तर त्याच जागी टेंगूळ उठतं आणि पुढे वर्षानुवर्षं झाडाच्या दर्शनी बाजूवर मिरवतं.

करवत आणि चाकूने हेच साधतं, पण कुणाला? ज्याचा हात बसलाय त्याला. नवख्याचा चाकू सटकला की शेजारची साल तरी जाते, नाहीतर अंगठा. मुरलेला माणूस कशानेही भागवेल हो, चांगल्या हत्याराची गरज नवख्यालाच असते.

आणि 'जाड फांदीच नाही' हे तुम्ही कुठून आणलंत? बी पेरून सुरुवात करणारे किती? बहुतेक जण नर्सरीतलं वाढलेलं झाड उचलतात आणि पहिल्या छाटणीतच निम्म्या फांद्या उतरवतात. झाडाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या जखमा बहुधा पहिल्याच वर्षी होतात. तेव्हा कटर नसेल तर नंतर घेऊन काय उपयोग?

पारंबी

काटेकोरदादांच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. खोलग्याच्या मुद्द्याला मात्र नाही, निदान सगळ्या झाडांना नाही.

बोगनवेल घ्या. तिचं लाकूड पटकन कुजतं. खोलगट जखमेत पाणी साठलं की कूज आत उतरते आणि त्या बाजूचं खोड पोकळ होऊ लागतं. तिथे काप थोडा उतरता घ्यावा, म्हणजे पाणी निथळतं, आणि वर कट पेस्ट (जखम झाकायचा लेप) लावावी. जेड, म्हणजे ते रसाळ पानांचं झाड, तर आणखी वेगळा. त्याची फांदी पाण्याने भरलेली असते. थोडा खुंट ठेवून कापायचं, तो आपोआप वाळून गळतो. कटरचा काही संबंधच येत नाही. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाची फांदी वाळवून जिन (साल काढलेली, मुद्दाम ठेवलेली वाळकी फांदी) करायची असेल तर ती बुडातून काढायचीच नसते.

फायकसवर मात्र कटर शोभतो. वड, उंबर, पिंपळ ही सगळी त्याच वंशातली. जोमात वाढत असली की जखमा भराभर मिटवतात.

काटेकोर

बोगनवेलीचं मान्य, ताई. पण नवखे सर्वात जास्त लावतात तो फायकसच. म्हणजे माझा मुद्दा उभाच आहे.

धारकरी

तुमचं भांडण कटर की कात्री यावर चाललंय, आणि लोक जाऊन विकत घेतात तो स्वस्तातला सेट. खरा खड्डा तिथे आहे.

सेटमधलं पोलाद बरेचदा मऊ असतं. कात्रीची पाती खिळ्यापाशी घट्ट आणि टोकाला सैल. कोवळा शेंडा कापला जात नाही, दोन पात्यांच्या फटीत दुमडतो आणि चेंगरतो. कापलेलं टोक जवळून पाहा: हिरवी गोल चकती दिसायला हवी, तिथे तंतू लोंबत असतात आणि दोन दिवसांत टोक तपकिरी पडतं. सहा वाईट हत्यारांपेक्षा एक बरं घ्या. या बाबतीत मी गोगलगायच्या बाजूचा.

आणखी एक. कात्रीला धार घरी लावता येते. प्रत्येक पात्याची फक्त उतरती बाजू १००० नंबरच्या दगडावर, आहे त्याच कोनात घासायची. सपाट बाजूवर एक हलका हात, फक्त कडेला आलेली बारीक चूण काढण्यापुरता. कटरचं पातं वाकडं. सपाट दगड त्याच्या पोटात जात नाही, गोल कडेचा छोटा दगड लागतो, आणि कोन बिघडला की दोन जबडे जुळत नाहीत. ज्याला धार लावता येत नाही त्याचा कटर आज ना उद्या लाकूड चेपायला लागतो. मग काटेकोर साहेब, तुमच्या त्या सुबक खोलग्याचं काय होतं?

घेताना कटर मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली की परत ठेवा.

काटेकोर

धारेचा मुद्दा बिनतोड, गप्प बसतो. उजेडाची परीक्षा मात्र अर्धवट सांगितलीत. बऱ्याच चांगल्या कटरमध्ये एक पातं दुसऱ्याच्या किंचित मागे बसतं, धारा एकमेकींवर आपटून बोथट होऊ नयेत म्हणून. ते पाहून लोक चांगला कटर नाकारतील. त्यापेक्षा कागद कापून बघा. पूर्ण रुंदीत स्वच्छ कापला गेला तर हत्यार ठीक.

आणि कटर बिघडतात ते बहुतेक वेळा मालकामुळे. पात्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जाड फांदी एका दमात दाबायची नसते, कडेकडेने कुरतडत जायचं असतं. त्याच कटरने वायरही कापणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

निवांत_माळी

वाचतोय. थोडा फाटा फोडतो.

अलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेली गोष्ट इथे कामाची आहे. माणसाची कातडी भरते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड खराब झालेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नव्या वाढीने झाकतं. ही नवी वाढ येते झाडाच्या जोमातून. छोट्या कुंडीत उपाशी ठेवलेल्या झाडावर जगातला सर्वोत्तम कटर चालवा, जखम वर्षानुवर्षं उघडी राहील. तेच झाड मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत असेल तर करवतीचा कापही मिटतो.

त्यामुळे पैसे कमी असतील तर माझ्या हिशेबात आधी माती आणि मोठी कुंडी, मग कात्री. कटर सगळ्यात शेवटी.

काटेकोर

हे म्हणजे विषयच बदलणं झालं. धागा हत्यारांचा आहे.

नवी_पालवी

मोठमोठ्या माणसांत तोंड घालते. माझ्याकडे नर्सरीतून आणलेला एक फायकस आहे आणि बागेचा सिकेटर (फांद्या छाटायची दणकट कात्री). घेऊ शकते एकच वस्तू. काय घेऊ?

गोगलगाय

सिकेटर कसला आहे ते आधी बघ. दोन पाती एकमेकांशेजारून सरकत असतील तर उत्तम. एक पातं खालच्या सपाट पट्टीवर आपटत असेल तर ती फांदी चेंगरते, बोन्सायला वापरू नकोस.

कापताना धारेचं पातं खोडाच्या बाजूला ठेव आणि जाड आकडा, म्हणजे समोरचं बिनधारेचं वाकडं पातं, बाहेरच्या. उलट धरलास की आकड्याच्या जाडीएवढा खुंट उरतो. मग चाकूने जखमेची कड गोलाकार साफ कर, सालीची हिरवी रेघ सलग दिसेपर्यंत. एवढं जमलं तर घ्यायची वस्तू एकच, बारीक कामाची कात्री. फायकसचा चीक तिच्यावर वाळू देऊ नकोस. लगेच ओल्या फडक्याने पूस, कोरडी कर, खिळ्यावर तेलाचा थेंब सोड. कार्बन स्टील असेल तर हे चुकवायचंच नाही, गंज चढतो. रोज पुसणं होणार नसेल तर सरळ स्टेनलेस घे.

काटेकोर

काढायची फांदी केवढी जाड आहे ते तरी विचारा तिला!

नवी_पालवी

अंगठ्याएवढी. अगदी समोरच्या बाजूला.

काटेकोर

घ्या. आता बोला.

गोगलगाय

अंगठ्याएवढ्या फांदीला मध्यम कटरही एका दमात पुरत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय. करवत लागणारच. आधी खालून अर्धवट काप घ्यायचा, म्हणजे फांदी पडताना साल सोलून नेत नाही, मग वरून.

काटेकोर

आणि करवतीनंतर आत खोलगा कशाने काढणार, नखाने?

धारकरी

अर्धगोल पटाशीने. सुतारकामाची छोटी पटाशी वर्षानुवर्षं धार धरते.

पारंबी

पालवी, एका फांदीसाठी कटर विकत घेऊ नकोस, कुणाचा तरी उसना आण. फक्त झाडाला लावण्याआधी पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसून घे, आधीच्या झाडाचा रोग सोबत यायला नको. आणि फायकस नवी पानं जोमाने काढत असेल तेव्हाच काप. आत्ता काढतोय का?

नवी_पालवी

नाही, आणल्यापासून पानं गळतायत.

निवांत_माळी

मग सध्या कात्रीही राहू दे. आधी कुंडीतून पाणी निचरतंय का ते बघ.