मदत हवी आहे : इंडोनेशिया आणि मलेशियाची प्लायवूड निर्यात एकाच ग्राफमध्ये कशी दाखवू?

नमस्कार मंडळी, आकडेवारीतले किंवा लाकडाच्या धंद्यातले कोणी जाणकार असतील तर जरा बघा. या दोन देशांची प्लायवूड निर्यात १९७५ पासून पुढे कशी बदलत गेली ते शेजारी शेजारी मांडायचंय. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) साइटवरून दोन्ही देशांचे आकडे घेतलेत, घनमीटरमध्ये आहेत आणि १९६१ पासून वर्षवार मिळतात, तिथपर्यंत सगळं ठीक.

घोडं अडलंय ते बेस इयरपाशी. एक वर्ष १०० धरून इंडेक्स काढ असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण १९७५ ला इंडोनेशिया बहुतेक लाकूड ओंडक्यांच्या रूपातच बाहेर पाठवत होता, प्लायवूड अगदी नावापुरतं, त्यामुळे ते वर्ष १०० धरलं की त्यांची रेघ थेट आभाळात जाते आणि मलेशिया खाली जमिनीला चिकटलेला दिसतो. बरं, १९८५ धरावं तर त्याच वर्षी इंडोनेशियाने ओंडक्यांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी आणलेली, कारखाने आधीच धडाधड उभे राहिलेले, म्हणजे त्यांची खरी झेप त्या १०० च्या आतच गडप होते! मलेशियाची गोष्ट अजून वेगळी, तिकडे साबा या राज्याने ओंडक्यांची निर्यात १९९३ ला थांबवली. कुठलंही वर्ष घ्या, एकावर अन्याय होतोच. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी बेस म्हणून धरलेली चालते का? लॉग स्केलही (म्हणजे अक्षावर १, १०, १०० अशी पटीत वाढणारी मोजपट्टी) डोक्यात आहे, पण वाचणारे सगळे आकडेवारीतले नाहीत, त्यांना तो चढ नीट कळेल का अशी शंका वाटते.

डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा, हे कृपया सुचवू नका. स्केल हवा तसा ताणला की दोन रेघा पाहिजे त्या वर्षी एकमेकींना छेदतात, ती तुलना मला प्रामाणिक वाटत नाही.

दुसरं म्हणजे कॉमट्रेडचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आकडेवारीचा डेटा. तिथे ४४१२ या मालाच्या कोडखाली प्लायवूडबरोबर ब्लॉकबोर्ड, एलव्हीएल (एकाच दिशेने पातळ थर चिकटवलेलं लाकूड) वगैरेही येतं, आणि बऱ्याच ठिकाणी वजन किलोत असतं. किलोचे घनमीटर करायला एकच घनता धरू का? मेरांती या जंगली लाकडाचं प्लायवूड जड, इंडोनेशियात आता आतल्या थरांना सेंगोन हे लागवडीचं लाकूड खूप वापरतात ते बरंच हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनात माल जास्त. एकच आकडा धरला तर इंडोनेशियाचं घनफळ कमी दिसणार. नगावरूनही पत्ता लागत नाही, १८ मिमीच्या आठ बाय चारच्या शीट एका घनमीटरमध्ये १८-१९ बसतात आणि १२ मिमीच्या २८, त्यामुळे जाडी माहीत नसेल तर शीटची संख्या काय कामाची?

आणि मलेशियाने जपानला पाठवलेला माल आणि जपानने मलेशियाकडून आलेला म्हणून नोंदवलेला माल जुळत नाही. किमतीत फरक का पडतो ते माहितीये, एकीकडे एफओबी (जहाजभाडं आणि विमा सोडून) आणि दुसरीकडे सीआयएफ (ते दोन्ही धरून). डिसेंबरला निघालेलं जहाज जानेवारीत पोचतं हेही समजतं. पण सलग बरीच वर्षं तुलना करायची तर निर्यातदाराची बाजू धरायची की आयातदाराची, आणि दोन्ही देशांना तोच नियम लावायचा ना?

कोणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर बेस कसा निवडला एवढं तरी सांगा, एक्सेलमध्ये जमण्यासारखं असेल तर फारच बरं.